दोन महायुद्धांच्या मधल्या काळात इंग्लंडमधल्या सामान्य व्यावसायिक फुटबॉलपटूला सतत क्लब का बदलावे लागत?

करार एकेका हंगामाचाच असे, पण खेळाडूची नोंदणी, म्हणजे त्याला खेळवण्याचा हक्क, क्लबच्या हातात राही. हंगाम संपला की क्लब ठरवी: कोणाला ठेवायचं, कोण विक्रीला, कोण मोकळा. खरा जाच विक्रीच्या यादीचा, आणि तो उघड अन्याय होता. लावलेली किंमत कोणी दिली नाही, तर फुटबॉल लीगच्या (इंग्लंडमधल्या मुख्य व्यावसायिक स्पर्धेच्या) दुसऱ्या क्लबकडून खेळता येत नसे आणि पगारही बंद. मग लीगबाहेरचा एखादा क्लब गाठायचा.

1922 पासून कमाल पगार आठवड्याला हंगामात 8 पौंड, उन्हाळ्यात 6. विजयाला 2 पौंड बोनस, बरोबरीला 1. तिसऱ्या श्रेणीत अनेकांना एवढंही मिळत नसे. एकाच क्लबमधल्या पाच वर्षांच्या सेवेनंतरची 650 पौंडांपर्यंतची बेनिफिटची, म्हणजे सेवेबद्दल क्लब देई त्या मोबदल्याची, पूर्ण रक्कम अशा फिरत्या खेळाडूच्या हाती क्वचितच पडे. ती देणं क्लबवर बंधनकारकही नव्हतं.