फोटोओळीत किती बोलायचं?

प्रिय दोस्ता,

तुझ्या दुष्काळावरच्या फोटोस्टोरीत पहिलीच भेगाळलेली जमीन दिसली आणि पुढचं बघायच्या आधी लिहायला बसलो. उजेड छान पकडलायस. पण तो धरणाच्या फुगवट्यातला गाळ आहे ना? पाणी हटलं की तो तडकणारच, बऱ्या पावसाच्या वर्षीही. 2016 साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, तेव्हाही हाच फोटो सगळीकडे होता. पाणी कोणाला नाही आणि पलीकडच्या उसाला कुठून मिळतं, हे भेगांत दिसत नाही.

2017 चं ते हडकुळं ध्रुवीय अस्वल पाहिलं असशील. कॅनडाच्या आर्क्टिकमधलं, पाय ओढत चाललेलं, कचऱ्याच्या पिंपात तोंड घालणारं. नॅशनल जिओग्राफिकने व्हिडिओवर पहिलीच ओळ टाकली की हवामान बदल असा दिसतो. अस्वल आजारी होतं, म्हातारं होतं की बर्फाअभावी उपाशी, कोणालाच ठाऊक नव्हतं. 2018 मध्ये मासिकाने कबूल केलं की ओळ जास्त बोलली. आर्क्टिकचा बर्फ आटतोय हे शंभर टक्के खरं, पण न मानणाऱ्यांच्या हाती फुकटचं कोलीत गेलं.

आता जून 2019 चा ग्रीनलंडचा फोटो शोधून बघ. स्टेफेन ओल्सेन हा डेन्मार्कच्या हवामान संस्थेतला शास्त्रज्ञ, छायाचित्रकार नव्हे (आपल्या फोटोवाल्यांना हे जरा झोंबतंच!). त्याच्या स्लेजची कुत्री थेट समुद्रावरून चालल्यासारखी दिसतात. प्रत्यक्षात खाली सुमारे 1.2 मीटर जाड बर्फ होता आणि वितळलेलं पाणी त्यावर तुंबलेलं, कारण बर्फाला भेगाच नव्हत्या. हे त्यानेच सांगितलं. कळल्यावर फोटो आणखी बघावासा वाटतो. बर्फ तिथे दर उन्हाळ्यात वितळतो, त्या वर्षी लवकर वितळला. म्हणून तारखेशिवाय त्या फोटोला अर्थ नाही.

आणि उष्माघाताच्या बातमीला कालव्यात डुंबणारी पोरं नकोत. युरोपातली वर्तमानपत्रंही कारंजी नि समुद्रकिनारे लावतात, लावू देत. तू भर दुपारी स्लॅब टाकणाऱ्यांकडे जा. विचारून काढ, सावलीत बसलेले असले तरी चालेल.

गाळाचा फोटो ठेवायचा तर ठेव, पण पहिला नको. ओळीत धरणाचं नाव, तारीख आणि त्या दिवशीचा पाणीसाठा हवा. जलसंपदा खात्याच्या रोजच्या तक्त्यात मिळेल. गेल्या वर्षी त्याच तारखेला किती होता, तेही बघ. यंदाचा आकडा जास्त निघाला, तर तो फोटो या स्टोरीत बसत नाही.

शुक्रवारपर्यंत ओळी पाठव.

तुझा,
काका