मोहाखालची काडी

(वाचकांचे प्रश्न : जंगल आणि वणवा. उत्तरं देणारे निवृत्त वनपाल असून त्यांची बहुतेक नोकरी गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांत झाली.)

प्रश्न : मी कुरखेडा तालुक्यात शिक्षिका आहे. होळीच्या सुमारास गावालगतच्या रानातून धूर निघायला लागतो. मोहफुलं वेचता यावीत म्हणून लोकच पाला पेटवतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मुलांकडून ‘वणवा लावू नका’ असे फलक रंगवून घेतले, प्रभातफेरी काढली. काही फरक पडत नाही.

उत्तर : बाई, पडणारही नाही. वणवा वाईट, हे काडी लावणाऱ्याला तुमच्या-माझ्याइतकंच कळतं. त्याची अडचण वेगळी आहे. मोह पहाटे गळतो. मार्च-एप्रिलमध्ये उजाडायच्या आत बायका-पोरं टोपल्या घेऊन झाडाखाली पोचतात. खाली वीतभर पाला. त्यात फूल दिसत नाही, आणि आंधळेपणाने हात घालावा तर विंचू. पाला जाळला की काळ्या जमिनीवर पिवळसर फूल लांबूनही दिसतं. काम काडीसरशी होतं. खराटा घेऊन झाडायचं तर सकाळ जाते, आणि एका घराचे मोह एका जागी थोडेच असतात?

म्हणून बोलायचं असेल तर खराट्याबद्दल आणि जाळीबद्दल बोला. फुलं गळायला लागण्याआधी घरच्यांनी मिळून आपापल्या मोहाखालचा पाला ओढून काढला, तर पुढे रोज वरवर हात फिरवला तरी भागतं. तो पाला शेतातल्या खताच्या खड्ड्यात जाऊ द्या. दुसरा उपाय म्हणजे खुंट्या ठोकून झाडाखाली हिरवी शेडनेट किंवा जुनी लुगडी ताणून बांधायची. फुलाला माती-राख लागत नाही, आणि स्वच्छ मालाला व्यापारी भावात घासाघीस कमी करतो. जाळीला पैसे लागतात, हे खरं. ते ग्रामसभेने काढावेत, वनव्यवस्थापन समितीने काढावेत. फलकांच्या रंगाला काढतातच ना?

मुलांना एक काम द्या. गावाजवळच्या जुन्या मोहांखाली नेऊन मनगटाएवढा जाड मोह शोधायला सांगा. दरवर्षी जिथे जाळतात तिथे बहुधा सापडणार नाही. टोळीची, म्हणजे मोहाच्या फळाची, बी पावसात रुजते, रोप वर्षभर जगतं आणि पुढच्या मार्चला होरपळतं. आजोबांच्या काळचे मोह उभे आहेत, नातवाच्या वाट्याचा एकही वाढत नाही. मुलांनी हे घरी जाऊन सांगितलं की म्हातारी माणसं गप्प होतात, मी पाहिलंय.

तेंदूचंही तसंच. विडीच्या पानांसाठी कोवळा फुटवा यावा म्हणून आग लावतात. पण झुडूप वेळेवर जमिनीलगत छाटलं तरी तेवढाच फुटवा येतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलावर सगळ्या गावाचा मिळून हक्क, मिळाल्यावर तेंदूपत्ता तोडायचाच नाही, असं ठरवलं. झाडांची छाटाछाट आणि आग नको म्हणून. त्यांनी बांबूवर भर दिला. प्रत्येक गावाला हे झेपेल असं नाही, कारण तेंदूचा पैसा ऐन मे महिन्यात, पेरणीच्या तोंडावर हातात येतो.

प्रश्न : वनखातं स्वतः जानेवारीत जंगलात आग लावतं. ते चालतं, आणि आम्ही लावली की गुन्हा? शिवाय जळल्यावर गवत चांगलं येतं. (एक पशुपालक, देसाईगंज)

उत्तर : खातं जाळतं ती जाळरेषा. एक पट्टा आधी कापायचा, वाळू द्यायचा आणि १५ फेब्रुवारीला आगीचा हंगाम सुरू होण्याआधी, दोन्ही बाजूंना माणसं उभी करून जाळायचा. पुढे आग आली तर तिला तिथे खायला काही मिळू नये, हा हेतू. तुमचा राग मात्र अगदीच चुकीचा नाही. जानेवारीत जाळलेल्या पट्ट्यावर मार्चपर्यंत सागाचा पाला पुन्हा साचतो. तो ब्लोअरने उडवला नाही तर जाळरेषा फक्त नकाशावर राहते. अशा पट्ट्यावरून आग चालत पलीकडे गेलेली मी बघितली आहे.

गवताचं म्हणाल तर कोंब येतो, गुरं खातात. पण तीच जागा वर्षानुवर्षं जाळा. चारोळीची, आवळ्याची रोपं संपतात आणि घाणेरी, रानतुळस माजते. तिला तुमची गाय तोंड लावत नाही. आणि भारतीय वन अधिनियम १९२७ मधल्या कलम २६ मध्ये एक तरतूद आहे. राखीव वनात जाणूनबुजून किंवा घोर हलगर्जीने आग लागली, तर त्या जंगलातले चराईचे हक्क सरकार काही काळ थांबवू शकतं. आग लावतो एक, गुरं अडतात सगळ्या गावाची.

प्रश्न : माझं शेत जंगलाला लागून आहे. धुरे (शेताचे बांध) आणि पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळक्या काड्या) जाळाव्या लागतात. (चिमूर)

उत्तर : पऱ्हाट्या जाळू नका, यंत्राने बारीक करून मातीत घाला. धुरा जाळायचाच असेल तर आधी जंगलाच्या बाजूने नांगराच्या चार-पाच ओळी मारून माती उघडी करा. वनरक्षकाला सांगा. सकाळी, वारा पडलेला असताना जाळा, आणि शेवटचा निखारा विझेपर्यंत हलू नका. भर दुपारी तर मुळीच नको.

प्रश्न : आम्ही नागपूरचे काही मित्र जंगलात भटकतो. आगीची सूचना मोबाइलवर मिळते का? आग दिसली तर काय करावं?

उत्तर : मिळते. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या संकेतस्थळावर कोणालाही नोंदणी करता येते; उपग्रहाला उष्ण जागा दिसली की संदेश येतो. पण उपग्रह दिवसातून ठरावीक वेळाच वरून जातो आणि त्याचा एक ठिपका ३७५ मीटरचा असतो. मधल्या वेळात पेटलेली छोटी आग सुटते. त्यामुळे माणसाचा डोळा लागतोच.

आग दिसली तर वीर होऊ नका. चढाकडे पळू नका. आग चढावर माणसापेक्षा जोरात धावते. नाल्याच्या पात्रात किंवा जळून काळ्या झालेल्या जमिनीवर जा. हिरव्या फांद्यांनी झोडपून आग विझवतात, पण ते अनुभवी माणसांच्या सोबतीने, बाजूने किंवा मागून. तोंडावर कधीच नाही. आणि विझली म्हणून लगेच निघायचं नसतं. पोकळ खोडाच्या ढोलीत विस्तव कित्येक दिवस धुमसतो, वारा सुटला की ठिणगी बाहेर.

तुमचं काम फोनचं. महाराष्ट्र वनविभागाचा टोल-फ्री क्रमांक १९२६. ‘जंगलात आग लागलीय’ एवढंच सांगून फोन ठेवू नका. जवळचं गाव, नाल्याचं नाव, आग कुठल्या दिशेला सरकतेय ते सांगा. झाडावर किंवा दगडावर कक्ष क्रमांक (जंगलाच्या त्या तुकड्याचा नंबर) रंगवलेला दिसला तर तोही वाचून दाखवा.