फार्माकॉलॉजी पाठ आहे पण पेशंटला गोळी समजावून सांगता येत नाही, काय करू?

तू लिहिलंयस की बीएस्सी नर्सिंगला आहेस, क्लासिफिकेशन, मेकॅनिझम, साइड इफेक्ट सगळं पाठ केलंय, पण वॉर्डात पेशंटने नुसतं "सिस्टर, ही गोळी कशाची हो" विचारलं की काय बोलावं तेच सुचत नाही. मी मेडिसिन वॉर्डला स्टाफ नर्स आहे, डिस्चार्जच्या वेळी औषधं समजावून देणं हे माझं रोजचं काम आणि मला मनापासून आवडणारं काम, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पुस्तकात औषधं ग्रुपने येतात, परीक्षेला ते ठीक आहे. पण वॉर्डात प्रत्येक औषधाला एकच प्रश्न विचारायची सवय लाव, की हे घेऊन पेशंट घरी गेला तर नेमका कुठे चुकेल? याचं उत्तर शोधायला लागलीस की मेकॅनिझम आपोआप डोक्यात बसतं.

उदाहरण म्हणून मधुमेहाची ग्लिमेपिराइड ही गोळी बघ. सल्फोनिलयुरिया गटातली, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, हे तुला पाठ असेल. पण पेशंट जेवलाय की नाही ते ही गोळी बघत नाही. आता आपल्याकडच्या आजी सोमवार करतात, एकादशी करतात, संकष्टीला चंद्र उगवेपर्यंत चहावर राहतात आणि सकाळची गोळी मात्र नेमाने घेतात, मग दुपारी दरदरून घाम, हातपाय थरथरतात, बोलणं असंबद्ध, आणि घरचे म्हणतात उपवासाने गळून गेली. नुसतं मेटफॉर्मिन, म्हणजे मधुमेहाचीच दुसरी गोळी, चालू असेल तर शुगर एवढी खाली जायची भीती फार कमी, कारण ते इन्सुलिन वाढवत नाही. म्हणून मी "उपवास करू नका" असं सांगत बसत नाही, ज्याला करायचाय तो करतोच. मी विचारते, आजी उपवास कुठले कुठले धरता? आणि ते राउंडला डॉक्टरांच्या कानावर घालून त्या दिवशी गोळी कशी घ्यायची ते त्यांच्याकडूनच कागदावर लिहून घेते. सोबतच्या सुनेला किंवा मुलाला सांगते की असा घाम आला तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या, 15 मिनिटांनी परत शुगर बघा, आणि शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही न घालता सरळ दवाखाना गाठा.

इन्सुलिनला तर मी सगळ्यात जास्त वेळ देते. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक वेळा 1 मिलीला 40 युनिटचं असतं आणि पेनच्या कार्ट्रिजमधलं 100 युनिटचं, सिरिंजही दोन प्रकारच्या, 40 वालीचं टोपण लाल आणि 100 वालीचं केशरी. मेडिकलवाल्याने घाईत दुसरीच सिरिंज दिली तर काय होतं ते एकदा स्वतः कागदावर मांडून बघ. 40 ची बाटली आणि 100 ची सिरिंज, पेशंटने 20 च्या रेघेपर्यंत भरलं तर अंगात फक्त 8 युनिट जातात, शुगर उतरत नाही आणि सगळे म्हणतात पथ्य पाळत नाही. उलट झालं, म्हणजे 100 चं इन्सुलिन 40 च्या सिरिंजने 20 रेघा भरलं, तर 50 युनिट जातात आणि माणसाच्या जिवावर बेततं. त्यामुळे बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा शेजारी शेजारी धरून पेशंटलाच मोठ्याने वाचायला लाव, वाचता येत नसेल तर टोपणाचा रंग पाठ करून घे. मिक्स इन्सुलिन हलवायचं तर तळहातात हलकेच घोळवायचं, खडाखडा हलवायचं नाही, फ्रीजमध्ये ठेवायचं पण बर्फाच्या कप्प्यात नाही, एकदा गोठलं की ते फेकायचं. आणि रोज पोटावर त्याच जागी टोचून गाठ आलीय का ते बोटाने दाबून बघ, बोलता बोलता होऊन जातं.

बाकी काही औषधांच्या चुका अगदी ठरलेल्या आहेत. दम्याच्या रोटाकॅपच्या कॅप्सूल, ज्या छोट्या यंत्रात घालून आतली पावडर श्वासाने ओढायची असते, त्या लोक पाण्याबरोबर गिळतात, कारण कॅप्सूल दिसली की गिळायची हे आपल्या अंगवळणी पडलंय. सांधेवाताचं मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच असतं, ते कुणी रोज घेतलं तर तोंडात फोड येतात, पांढऱ्या पेशी उतरतात, जीवही जातो, म्हणून "आठवड्याला एक" एवढ्यावर सोडू नकोस, डॉक्टरांना वार विचारून "फक्त बुधवारी" असं मोठ्या अक्षरात पाकिटावर लिही. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी पाण्याबरोबर, चहा अर्ध्या तासाने तरी, आणि लोह-कॅल्शियमच्या गोळ्या चार तास लांब.

आता सांगायचं कसं. "समजलं का काका?" असं कधीच विचारू नकोस, काका "हो सिस्टर" म्हणतात आणि विषय संपतो, त्यांना मान हलवायची सवय असते आणि आपल्याला घाई असते. त्याऐवजी म्हण, "काका, घरी गेल्यावर काकूंनी विचारलं ही पांढरी गोळी कधी घ्यायची तर काय सांगाल?" चुकले तर आपण नीट सांगितलं नाही असं धरून परत सांग, त्यांना ओशाळं वाटू देऊ नकोस. एका वेळी तीन गोष्टी पुरे. डिस्चार्जच्या दिवशी बिल, रिक्षा, सामान यात कुणाचं लक्ष नसतं, म्हणून मी आदल्या दिवसापासून प्रत्येक राउंडच्या गोळीला एकेक वाक्य सांगत जाते आणि शेवटच्या दिवशी फक्त विचारते.

अजून एक, नातेवाइकांना घरचा औषधांचा डबा आणायला सांगच. त्यात बीपीची तीच टेल्मिसार्टन दोन कंपन्यांच्या नावाने निघते, एक जुन्या डॉक्टरांची आणि एक नवीन, आणि पेशंट इमानदारीत दोन्ही घेत असतो, मग उठताना चक्कर येते. ब्रँड न बघता स्ट्रिपवरचं बारीक अक्षरातलं जेनेरिक नाव, म्हणजे औषधाचं मूळ नाव, वाच, तिथे तुझी फार्माकॉलॉजी उपयोगी पडेल. मात्र कुठली बंद करायची ते तू सांगू नकोस, दोन्ही स्ट्रिप हातात घेऊन डॉक्टरांकडे जा आणि ते जे म्हणतील ते डिस्चार्ज कार्डवर लिहून घे.