बाळंतपणात रक्त 'गोठतं' की 'गोठत नाही'?

प्रश्न नागपूरच्या एका ताईंचा आहे. आशाताईंसाठीच्या माहितीपत्रकाचं मराठी त्या तपासत आहेत. त्यात एका ओळीत आहे, 'गर्भजल आईच्या रक्तात गेल्यास रक्त गोठते', आणि पुढच्याच ओळीत, 'रक्त न गोठल्याने अतिरक्तस्राव होतो'. यातलं खरं कोणतं? आणि 'गोठणे' इथे चालेल का?

दोन्ही ओळी खऱ्या आहेत, मधला दुवा गळलाय. गर्भजलात टिश्यू फॅक्टर नावाचं प्रथिन असतं. ते आईच्या रक्तात शिरलं की रक्त गोठवणारी साखळी सुरू होते आणि अंगभर बारीक बारीक गुठळ्या होऊ लागतात. त्यांत फायब्रिनोजेन (यापासूनच गुठळी धरून ठेवणारे फायब्रिनचे धागे बनतात) आणि प्लेटलेट (रक्त थांबवणाऱ्या बारीक पेशी) खर्ची पडतात. मग वार सुटलेल्या जागेतून, टाक्यांतून, सलाइनची सुई टोचलेल्या जागेतूनही रक्त झिरपत राहतं, कारण ते थांबवणारा माल संपलेला असतो. फायब्रिनोजेन एरवी लिटरमागे २ ते ४ ग्रॅम असतं, दिवस भरत आले की ४ ते ६ पर्यंत चढतं. म्हणून बाळंतिणीच्या रिपोर्टात २ आलं तर ते 'नॉर्मल' समजू नये.

आता शब्द. 'गोठणे' म्हटलं की आधी थंडी आठवते. तूप थिजतं ते थंडीने, ऊब लागली की पुन्हा पातळ होतं. रक्ताचं तसं नाही, तिथे फायब्रिनच्या धाग्यांचं जाळं तयार होतं. 'साकळणे' हा रक्तासाठी छान जुना शब्द, पण मुका मार लागून काळंनिळं पडतं त्यालाही आपण रक्त साकळलं म्हणतो. पाठ्यपुस्तकांतून 'गोठणे' रुळलाय, तो असू द्या. पहिल्या ओळीत मात्र 'गुठळ्या होतात' असंच लिहा.

'गर्भजल'च्या जोडीला 'पाणमोटेतलं पाणी' हवंच. वस्तीत बायका 'पानी गेलं', 'पाणमोट फुटली' असंच सांगतात. आणि तिथेच एक वाक्य वाढवा, ही माझी कळकळीची विनंती: पाणमोट फुटून पाणी बाहेर जाणं हा बाळंतपणाचा नेहमीचा भाग आहे, इथे बोलतोय ते पाणी आईच्या रक्तात शिरण्याबद्दल, आणि ते हजारो बाळंतपणांत एखाद्या वेळी घडतं. नाहीतर पत्रक वाचून पहिलटकरणी उगाच धास्तावतील. अचानक धाप लागणं, बीपी कोसळणं आणि पाठोपाठ न थांबणारा रक्तस्राव, ही खूण तेवढी ठळक छापा.

माझा मसुदा: 'पाणमोटेतलं पाणी आईच्या रक्तात शिरलं तर अंगभर रक्ताच्या बारीक गुठळ्या होतात. त्यात रक्त गोठवणारे घटक संपून जातात, म्हणून पुढे रक्तस्राव थांबत नाही.'

'रक्त पातळ होते' असं मात्र लिहू नका. आपल्याकडे 'रक्त पातळ' म्हटलं की हृदयाच्या पेशंटच्या गोळ्या आठवतात, आणि घरचे बाळंतिणीला अशी गोळी कुणी दिली होती का, हे शोधत बसतील.