मुरूम काढलेलं रान पुन्हा वहितीला आणायचा खर्च

दादा, २० गुंठ्यांत ८ फूट खड्डा, कंत्राटदार गेला, आणि जेसीबीवाला म्हणतो "लाखभरात करून देतो". कशाचे लाखभर, ते आधी विचारा. दिवसावर ठरवू नका, ब्रासवर (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) ठरवा.

लक्षात ठेवायचा आकडा एकच: एका गुंठ्यावर एक फुटाचा थर म्हणजे जवळपास ११ ब्रास. तुमचा खड्डा म्हणजे सुमारे १,७४० ब्रास. ५ ब्रासची हायवा (मोठा डंपर) धरली तरी साडेतीनशेच्या आसपास खेपा. एवढा भराव आणून कुणाचंच रान परवडत नाही. म्हणून खड्डा बुजवायचा विचार सोडा, खोलगट रान करायचं बघा.

खड्डा ११० बाय १९८ फूट धरला तर भोवतालची कड ६१६ फूट. कडेला दीडास एक उतार हवा, म्हणजे दीड फूट आडवं गेलं की एक फूट खाली. तो नुसता कापून काढला तर दर फुटाला ४८ घनफूट माती हलते. पण कडेचा वरचा अर्धा भाग कापून तोच खाली ओढला तर १२ घनफुटांत भागतं. सगळे मिळून ७४ ब्रास. जेसीबीने तासाला १० ब्रास धरा, म्हणजे एका दिवसाचं काम. यात चहूबाजूंनी ६ फूट पट्टा जातो. त्याची वरची माती आधी बाजूला काढा, आणि शेजाऱ्याचा बांध सोडूनच मोजा.

खरा खर्च मातीचा. तळाला एक फूट माती म्हणजे २१८ ब्रास, पण ट्रॉलीतली माती सैल असते, पाऊस पडला की दबते. पाव भाग जास्त आणि ट्रॉलीला एक ब्रास धरून सुमारे २७० ट्रॉल्या. समजा तुमच्याकडे ट्रॉली ६०० ला पडते, तर १ लाख ६२ हजार. लाखाच्या बोलीत ही माती नसणारच! कंत्राटदाराने सुरुवातीला काढलेली माती कुठे लावली, तो ढीग आधी शोधा. जेवढा सापडेल तेवढ्या ट्रॉल्या वजा. जवळ तलाव असेल तर एप्रिल-मेमध्ये गाळ बघा. शेतात टाकायच्या गाळाला रॉयल्टी नाही, वाहतूक तेवढी तुमची.

माझी चूक सांगतो. मी हायवांनी दाबलेल्या मुरमावर तशीच माती पसरली. जुलैत माती वरून छान दिसत होती, कुदळ मारली तर फूटभर खाली पाणी. तूर पिवळी पडून गेली. दुसऱ्या वर्षी सबसॉयलर (खालचा कडक थर फोडायचं ट्रॅक्टरचं अवजार) उभा-आडवा चालवायला गेलो तर वरच्या मातीत मुरूम मिसळला. म्हणून तळ आधी फोडा, मग माती. शेणखत, ताग आणि दोन हंगामांचं बुडालेलं उत्पन्नही हिशेबात धरा.

एक सांगा, ऑगस्टमध्ये त्या खड्ड्यात पाणी किती दिवस उभं राहतं? महिनाभर राहत असेल तर वरची सगळी बेरीज बाजूला ठेवा, मग शेततळ्याचंच बोलू.