वाचकांचे प्रश्न: बारभाईची शेती आणि तिचा म्होरक्या

मागच्या महिन्यात आपण प्राण्यांची शेल्टर आणि रेस्क्यू संस्था एकत्र येऊन प्रादेशिक आघाडी करतात त्याबद्दल बोललो. मला वाटलेलं पत्रं नसबंदी, लसीकरण, अडॉप्शन यावर येतील, पण जवळजवळ सगळी पत्रं माणसांवरच आली. अध्यक्ष असा, सेक्रेटरी तशी, मीटिंगमध्ये अमका तमक्याशी बोलत नाही! आघाडी शब्दच बहुतेक वाईट आहे. असो, त्यातली पाच घेतेय.

प्रश्न: ताई, आमच्या भागातल्या नऊ संस्था एकत्र आल्यात. सगळ्यात मोठ्या शेल्टरच्या संचालकांनाच अध्यक्ष करायचं चाललंय, कारण ऑफिस, गाड्या, व्हेट (प्राण्यांचे डॉक्टर) सगळं त्यांच्याकडे. आमची चार जणींची रेस्क्यू, आमचं कोण ऐकणार?

भीती खोटी नाहीये तुमची. मोठ्या शेल्टरचा माणूस अध्यक्ष झाला की हळूहळू आघाडी म्हणजे त्याच शेल्टरचं एक डिपार्टमेंट होतं आणि हे तो मुद्दाम करतो असंही नाही, त्याला रोज सकाळी स्वतःचे भरलेले पिंजरे दिसतात त्यामुळे तोच आघाडीचा पहिला प्रश्न वाटतो.

न्यूयॉर्कचं उदाहरण बघा. तिथे 2002 मध्ये शहरातल्या शेल्टर आणि रेस्क्यूंची मेयर्स अलायन्स उभी राहिली, पुढे त्यात दीडशेच्या वर संस्था आल्या. तिची अध्यक्ष जेन हॉफमन पेशाने वकील. अलायन्सचं मुख्य काम मधलं होतं, म्हणजे करार करायचे, पैसा आणायचा, आणि सिटी शेल्टरमधून प्राणी उचलून सदस्य संस्थांकडे पोचवायला गाड्या फिरवायच्या. गाडी कुणा एका संस्थेची नाही म्हटल्यावर 'आमच्याकडे आधी' हा वादच निम्मा होतो.

पण म्हणून मोठा माणूस नकोच असंही मी म्हणणार नाही. सॅन फ्रान्सिस्कोत रिचर्ड अवान्झिनो तिथल्या एसपीसीए या मोठ्या संस्थेचे प्रमुख होते, आणि 1994 मध्ये त्यांनी शहराच्या सरकारी शेल्टरशी लेखी करार केला की तुमच्याकडचं जे कुत्रं किंवा मांजर दत्तक देण्याजोगं आहे पण तुम्हाला घर सापडत नाहीये, ते आम्ही घेणार. आता यात गंमत अशी की मोठ्याने स्वतःचे हात बांधून घेतले, दुसऱ्याचे नाही. तर तुमच्या संचालकांना मत द्यायच्या आधी एवढंच विचारा की साहेब, तुम्ही लेखी काय देताय? गाड्या कुणाच्या सांगण्यावर फिरणार, व्हेटचे किती दिवस छोट्या संस्थांसाठी, आणि तुमच्या शेल्टरचा विषय निघाला की खुर्चीवर दुसरं कोण बसणार. हे लिहून देत असतील तर बिनधास्त निवडून द्या, आणि 'अहो आपण सगळे एकच आहोत' असं हसून म्हणाले तर नका देऊ.

प्रश्न: अध्यक्ष म्हणतात प्रत्येक शेल्टरने दर महिन्याचे आकडे द्यायचे, किती आले, किती गेले, किती मेले, किती इंजेक्शन देऊन झोपवले. आमचं शेल्टर कुणालाच नाही म्हणत नाही त्यामुळे आमचे आकडे वाईट दिसणार. उद्या हेच लोक आम्हाला खाटीक म्हणतील. द्यावेत का?

द्यावेत. पण आधी भांडून घ्या, सांगते कशावर.

झाकली मूठ सव्वा लाखाची हे या क्षेत्रात फार वर्षं चाललं, आणि कारण तुम्ही म्हणताय तेच. 'नो किल'वाले, म्हणजे वाचवता येण्यासारख्या प्राण्याला झोपवायचं नाही म्हणणारे, एका बाजूला, सगळे प्राणी घेणारी शेल्टर दुसऱ्या बाजूला, आणि एकमेकांना नावं ठेवण्यात निम्मी ताकद जायची. ऑगस्ट 2004 मध्ये कॅलिफोर्नियात असिलोमार इथे अमेरिकेतल्या दोन्ही बाजूंचे लोक एकत्र बसले आणि एक समझोता झाला. त्यात दोन गोष्टी महत्त्वाच्या होत्या. एक, मतभेद असले तरी चारचौघात किंवा आपापल्या संस्थेतसुद्धा एकमेकांची बदनामी करायची नाही. दुसरं, सगळ्यांनी एकाच पद्धतीने मोजायचं: निरोगी प्राणी, उपचाराने बरा होणारा, पूर्ण बरा नाही पण सांभाळता येणारा, आणि ज्याचं काहीच होऊ शकत नाही असा. माझ्या मते यातली पहिली गोष्ट नसती तर दुसरी झालीच नसती, शिव्या खायला स्वतःहून आकडे कोण देईल!

अर्थात भांडणं संपली नाहीत. 'उपचार होण्याजोगा' कशाला म्हणायचं हे त्या त्या भागातला समंजस मालक आपल्या प्राण्यासाठी काय करेल यावर ठेवलेलं, म्हणजे तोच खोकणारा बोका एका ठिकाणी बरा होणारा आणि दुसऱ्या ठिकाणी गेलेली केस. म्हणून पुढे बरेच जण साध्या हिशोबावर आले, किती आत आले, किती कुठल्या दाराने बाहेर गेले, कुत्रं की मांजर, मोठं की पिल्लू. 2012 मध्ये तिकडे शेल्टर ॲनिमल्स काउंट नावाची संस्था निघाली ती असेच आकडे गोळा करायला.

आता तुमचा मुद्दा. जिवंत बाहेर जाणाऱ्यांचं प्रमाण 90 टक्के असलं की शेल्टर नो किल, असा एक पायंडा आहे. पण दारातूनच आजारी, म्हातारं, चावरं जनावर परत पाठवणाऱ्या शेल्टरचे 95 येतील आणि अर्ध्या रात्री गाडीखाली आलेलं कुत्रं घेणाऱ्या तुमचे 78, यात हुशार कोण आणि ढ कोण? ज्या अध्यक्षाला हा फरक कळत नाही त्याच्या हातात टक्केवारी देणं धोक्याचंच आहे. म्हणून भांडायचं ते यावर की पहिलं वर्षभर बाहेर फक्त सगळ्या संस्थांची मिळून बेरीज जाईल, संस्थावार आकडे फक्त आतल्या टेबलावर, आणि प्रत्येक आकड्यासोबत 'आम्ही कुणाला नाही म्हणतो' हेही लिहायचं. किती प्राण्यांना नाही म्हटलं हा रकाना टाकायला सांगा. बघा किती जणांचे चेहरे बदलतात.

मी स्वतः एका आघाडीत तीन वर्षं सेक्रेटरी होते, एकदा कच्चा तक्ता चुकून सगळ्यांना फॉरवर्ड केला आणि त्यातून जे झालं ते निस्तरायला आठ महिने लागले. तेव्हापासून पाठवायच्या आधी दोनदा बघते.

प्रश्न: आमच्या अध्यक्षबाई स्वभावाने छान आहेत पण मीटिंग म्हणजे नुसत्या गप्पा आणि ग्रुप फोटो. मुळात आघाडी चालवणाऱ्याने करायचं तरी काय असतं?

बाईंना एक गणित द्या. शेल्टरमध्ये रोज सरासरी 10 प्राणी येतात आणि प्रत्येक जण सरासरी 20 दिवस राहतो, तर कुठल्याही दिवशी आत 200 असणार. तेच 15 दिवसांत बाहेर पडायला लागले तर 150. पिंजरे वाढवले नाहीत, एकाही प्राण्याला नाही म्हटलं नाही, तरी 50 जागा झाल्या! हे पाच दिवस कुठे जातात ते शोधणं हे आघाडीच्या म्होरक्याचं खरं काम. कुठे नसबंदीची तारीख मिळत नाही म्हणून कुत्रं अडकलंय, कुठे फोटोच काढलेला नाही, कुठे मांजर तिसऱ्या मजल्यावर कोपऱ्यात आहे आणि शेजारच्या संस्थेकडे मांजरासाठी चार घरं वेटिंगवर आहेत पण दोघांचं बोलणं नाही. हे एकट्या शेल्टरला दिसत नाही, मधे बसलेल्याला दिसतं, दिसायला हवं.

दुसरं म्हणजे ट्रान्सफरचे नियम. पिल्लं इकडून तिकडे हलवली की पार्वो, डिस्टेंपरसारखे संसर्गाचे आजार पण त्याच गाडीतून जातात, पार्वोचं लक्षण दिसायला दोन आठवडेसुद्धा लागू शकतात, तोवर पिल्लू तीन जागा फिरून आलेलं असतं. पिल्लू आल्या दिवशीच लस द्यायची, कागद सोबत जाणार, आजार निघाला तर कुणाला त्याच दिवशी फोन करायचा, हे ठरवायला मीटिंग हवी. फोटो मग काढा.

प्रश्न: आघाडीतल्याच एका रेस्क्यूच्या बाईंच्या घरात साठाच्या वर मांजरं आहेत, वास येतो, बरीचशी आजारी आहेत. सगळ्यांना माहितीये, अध्यक्षांनाही. त्या खूप जुन्या आहेत म्हणून कुणी बोलत नाही. आम्ही फेसबुकवर टाकू का?

फेसबुकवर नको. म्हणजे मोह कळतो मला, पण पोस्ट पडली की त्या दार लावून घेतील आणि मग आत काय चाललंय ते कुणालाच कळणार नाही.

इथे मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची नाहीये, मांजरवालीशी बोलायचंय, आणि ते अध्यक्षांनीच करायचं. सोबत ज्याच्यावर त्या बाईंचा विश्वास आहे असा एक व्हेट न्यायचा. पहिल्या दिवशी हिशोब विचारायचा नाही, 'सगळ्यात आजारी दहा आम्ही घेऊन जातो' एवढंच म्हणायचं आणि खरंच घेऊन जायचं. त्याच दिवसापासून आघाडीतून त्यांच्याकडे एकही नवं मांजर जाणार नाही हे सगळ्यांना लेखी कळवायचं, कारण एक कटू गोष्ट सांगू का, त्या साठातली बरीचशी तुम्हीच दिलेली असणार. 'कुणी घेत नाही, ताई घेतील' म्हणून. अशी बाई एकटी जमवत नाही, तिला नाही म्हणता येत नाही हे माहिती असलेले लोक तिच्याकडे आणून सोडतात.

आत शिरू देत नसतील आणि प्राणी हालात असतील तर मात्र जुनं-नवं बघायचं नाही, अधिकाऱ्यांकडे जायचं, आणि अध्यक्ष कचरत असतील तर तुम्ही जा. पुढच्यासाठी, सदस्य होतानाच प्रत्येकाकडून लिहून घ्या की एका वेळी जास्तीत जास्त किती सांभाळणार.

प्रश्न: मी स्वतःच एका आघाडीची अध्यक्ष आहे. दोन वर्षं झाली. रात्री दोनला मेसेज येतात, नाही उचललं तर 'तुम्हाला प्राण्यांचं काही पडलंय का' असं ऐकायचं. सोडून द्यावंसं वाटतं.

मग सोडा की. खरंच सांगतेय. पण उद्या नको, सहा महिन्यांनी. उद्या सोडलंत तर पासवर्ड, बँकेच्या सह्या, कुठला व्हेट कुठल्या वारी कमी पैशात करतो, कोण कुणाशी का बोलत नाही, हे सगळं तुमच्या डोक्यातच जाईल, आणि आघाडी दोन महिन्यांत बसेल. आजच एका वहीत लिहायला घ्या आणि सहा महिने बरोबर ठेवायला कुणीतरी निवडा, शक्यतो तुमच्यासारखं नसलेलं.

रात्रीच्या फोनसाठी पाळ्या लावा, पाच संस्था पाच रात्री, उरलेल्या दोन तुम्ही आणि खजिनदार. पहिल्या आठवड्यात दोघंतिघं कुरकुर करतील. ज्याने 'प्राण्यांचं काही पडलंय का' म्हटलं होतं त्याला शनिवार द्या.