जमिनीखाली असलं म्हणून मूळ नव्हे

मिरज, १८ जून

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

जतकडच्या शाळेत सातवीचं विज्ञान तुझ्याकडे आलंय आणि ‘वनस्पतींचे अवयव व त्यांची कार्ये’ यावर एखादा तक्ता हवाय, असं कळवलंस. तक्ता माझ्याकडे आहे, पण देणार नाही. मूळ आधार देतं, खोड पाणी वाहून नेतं, पान अन्न तयार करतं, हे पोरं तुझ्याआधी म्हणून मोकळी होतात. पाठ झालेलं असतं, पाहिलेलं नसतं.

मीही तसाच शिकवायचो. वाळवा तालुक्यात असताना एकदा फळ्यावर गाजर, मुळा काढला आणि त्याच ओघात हळदही मुळांच्या यादीत घातली. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. म्हणाली, “गुरुजी, मुळाला डोळं असत्यात व्हय?” घरची हळद होती तिची. दुसऱ्या दिवशी फडक्यात बांधून एक जेठा गड्डा घेऊन आली. त्यावर एकाखाली एक कडी, कड्यांना चिकटलेले वाळक्या पानांचे पापुद्रे, मधेच टपोरे डोळे, आणि खरी मुळं खाली, वेगळी, दोऱ्यासारखी. उसाच्या कांडीवर पेरं असतं, पेऱ्याला डोळा असतो, तसंच हे. म्हणजे खोडच, फक्त जमिनीत आडवं पसरलेलं आणि अन्न साठवून फुगलेलं. मी फळा पुसला. तेव्हापासून अवयव कुठे आहे यावरून त्याचं नाव ठरवू देत नाही. अंगावर काय खुणा आहेत, ते आधी विचारतो. बटाटा आणि रताळं शेजारी ठेवून बघ, वर्गात भांडण लागेल. लागू दे.

तुझ्याकडे हळद नाही, पण बांधाबांधाला फड्या निवडुंग आहे. आपल्या कामाला तो हळदीहून सरस. एक फडा आणि मेथीची जुडी सकाळी ओट्यावर उन्हात ठेव. मधल्या सुट्टीपर्यंत मेथी मान टाकेल, फडा तसाच. मग विचार, फड्याचं पान कुठलं? सगळी पोरं त्या हिरव्या चकतीवर बोट ठेवतील. ती चकती खोड आहे. पानाचं काम तिनं उचललंय. पाणी साठवते, अन्नही तीच करते. काटे ही पानांचीच बदललेली रूपं. पसरट पान नाही, म्हणून उन्हात पाणी कमी उडतं, शिवाय शेरडं तोंड लावत नाहीत. त्यातून निवडुंगाची रंध्रं, म्हणजे अंगावरची हवा आत-बाहेर जाण्याची बारीक छिद्रं, रात्री गारव्यात उघडतात, म्हणून पाणी कमी उडतं. तेव्हाच तो कार्बन डायऑक्साइड आत घेऊन ठेवतो. फडा चिमट्यानंच धर. मोठे काटे दिसतात तरी. त्यांच्या बुडाशी बारीक कुसळं असतात, ती बोटात गेली की चार दिवस ठणकतात. मला विचार.

इथं एक पथ्य पाळ. ‘पाणी वाचवायचं म्हणून निवडुंगानं काटे केले’ असं बोलू नकोस. झाड काही ठरवत नाही. ज्यांचं पाणी कमी उडालं ती कोरड्या मुलखात तगली, त्यांचंच बी पुढं गेलं, आणि हे असंख्य पिढ्या चाललं. सातवीच्या पोराला एवढं कळतं.

पुढंमागं सहल निघाली तर सप्टेंबरात कासला ने. जांभ्यावरच्या पातळ मातीत नायट्रोजन कमी, आणि तिथं दवबिंदू नावाची वनस्पती पानावरच्या चिकट केसांत किडे पकडते. पोरं म्हणतील, भूक लागते म्हणून. तसं नाही. अन्न ती उन्हातच करते, किड्यातून नायट्रोजन मिळवते.

आमच्या शेजाऱ्यांची हळदीची लावण उरकली, चार गड्डे उरलेत. रविवारी जतच्या गाडीनं येणाऱ्या कुणाकडे तरी देतो. काचेच्या बरणीत ओलसर वाळू भरून, काचेला टेकवून लाव. कोंब कुठून फुटणार ते आधी सांगू नकोस. प्रत्येकाला आपापल्या वहीत खूण करून ठेवू दे.

तुझा,
गुरुजी